परमवीर अल्बर्ट एक्का : जारी गावचा पोर, गंगासागरचा शिपाई

डिसेंबर उजाडला की आपल्या सगळ्यांचं लक्ष ६ तारखेकडे लागलेलं असतं. दादरला कधी निघायचं, पाण्याचा स्टॉल कुठे लावायचा, पुस्तकं कोणती न्यायची, या गडबडीत आठवडा निघून जातो. त्याच्या तीनच दिवस आधी, ३ डिसेंबरला, रांचीच्या मुख्य रस्त्यावरच्या एका चौकात सैनिकाच्या पुतळ्याला हार घातले जातात. एका जुन्या दुकानाच्या नावावरून हा चौक पूर्वी फिरायालाल चौक म्हणून ओळखला जायचा. आता तो अल्बर्ट एक्का चौक आहे. झारखंडमधल्या शाळकरी पोरांनाही हे नाव ठाऊक असतं. आपल्याकडे मात्र स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात, परमवीर चक्राच्या यादीत एक ओळ, एवढीच या माणसाची ओळख. वयाची एकोणतीस वर्षंही पूर्ण न झालेला हा आदिवासी जवान कुठून आला, कुठे पडला आणि त्याच्या माघारी काय झालं, हे आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावं म्हणून हा लेख.

अल्बर्ट यांचा जन्म २७ डिसेंबर १९४२ चा. गाव जारी. आज ते झारखंडच्या गुमला जिल्ह्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळ आहे. तेव्हा झारखंडही नव्हतं आणि गुमला जिल्हाही नव्हता. सगळा मुलूख बिहारच्या रांची जिल्ह्यात मोडायचा. वडिलांचं नाव ज्युलियस, आईचं मरियम. घर उराव आदिवासींचं, धर्माने ख्रिस्ती. उरावांची भाषा कुडुख. ती हिंदीच्या कुळातली नाही, तिचं नातं तमिळ-कन्नडच्या द्रविड कुळाशी आहे. आडनावं गोत्रावरून येतात आणि गोत्रं प्राण्यांवरून, पक्ष्यांवरून, झाडांवरून. एक्का म्हणजे कासव. एक्का गोत्राच्या माणसाने कासव मारायचं नाही, खायचं नाही, असा जुना दंडक आहे. उत्तरेत पत्त्यातला एक्का माहीत असलेले लोक या आडनावाचा भलताच अर्थ लावतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

या मातीचा इतिहासही सांगायला हवा. याच गुमला भागात १९१४ साली जतरा भगत नावाच्या तरुण उरावाने टाना भगत चळवळ सुरू केली. जमीनदाराची वेठबिगार करायची नाही, अन्यायाचा सारा भरायचा नाही, परक्याच्या बांधावर हमाली करायची नाही, अशी ती चळवळ होती. गावकीची कामं नाकारली म्हणून मार खाल्लेल्या, वाळीत पडलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्या आहेत, त्यांना या नकाराची किंमत वेगळी समजावून सांगायला नको. बिरसा मुंडांचा उलगुलानही याच पठारावरचा, त्याच्या थोडा आधीचा.

अल्बर्ट यांचं बालपण मात्र चळवळीत गेलं नाही. ते रानात गेलं आणि मैदानात गेलं. उराव घरांतून शिकार हा केवळ पोटाचा प्रश्न नसतो, सणांचाही भाग असतो. धनुष्यबाण चालवायचा, पाचोळ्याचा आवाज होऊ न देता सरकायचं, दबा धरायचा, हे पोर चालायला लागल्यापासून शिकतं. आणि दुसरी गोष्ट हॉकी. छोटा नागपूरच्या या पट्ट्यात बांबूच्या मुळाची काठी करून पोरं हॉकी खेळतात. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचे कर्णधार असलेले आणि पुढे संविधान सभेत आदिवासींची बाजू ठणकावून मांडणारे जयपालसिंग मुंडा याच पठारावरचे. अल्बर्टही चांगले खेळायचे. शिक्षण गावाजवळच्या मिशनच्या आणि मिडल स्कूलच्या वर्गापर्यंत. पुढे शिकायला पैसा नव्हता, जवळपास नोकरी नव्हती. शेती पावसावरची, एका पिकाची. अशा घरातल्या धडधाकट पोरापुढे तेव्हा दोनच वाटा असायच्या. एक आसाम-डुआर्सच्या चहामळ्यात जाणारी आणि दुसरी लष्करभरतीच्या रांगेत जाणारी.

अल्बर्ट दुसऱ्या रांगेत उभे राहिले. २७ डिसेंबर १९६२, म्हणजे बरोबर विसाव्या वाढदिवशी, ते बिहार रेजिमेंटमध्ये भरती झाले. चीनबरोबरचं युद्ध थांबून जेमतेम महिना झाला होता.

इथे थोडं थांबून भरतीच्या राजकारणाबद्दल बोललं पाहिजे, कारण आपला आणि अल्बर्ट यांचा धागा इथेच जुळतो. १८५७ नंतर इंग्रजांनी लढवय्या जाती आणि न लढणाऱ्या जाती अशी वाटणी केली. कोरेगावच्या मैदानावर लढलेल्या महारांची भरती त्याच सिद्धांताखाली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर मोडून टाकली. बाबासाहेबांनी हा प्रश्न सोडला नाही, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. हे आपल्याला पाठ आहे. पण बिहार रेजिमेंटही त्याच १९४१ सालची आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. दुसऱ्या महायुद्धात जपान दारात येऊ लागला तेव्हा लढवय्या जातींचं शास्त्र गुंडाळून ठेवावं लागलं आणि बिहारी शेतकऱ्यांच्या पोरांबरोबर छोटा नागपूरच्या आदिवासींनाही त्या पलटणींत जागा मिळाली. या रेजिमेंटच्या रणघोषात आज बिरसा मुंडांचा जयजयकार आहे. ज्या बिरसांना इंग्रजांनी रांचीच्या तुरुंगात संपवलं, त्यांचं नाव घेऊन जवान शत्रूवर तुटून पडतात. पुतळ्यांच्या राजकारणापेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

बिहार रेजिमेंटमध्ये पाचेक वर्षं काढल्यावर अल्बर्ट यांची पलटण बदलली. जानेवारी १९६८ मध्ये ब्रिगेड ऑफ द गार्ड्सची चौदावी पलटण उभी राहिली, तीत त्यांना पाठवण्यात आलं. गार्ड्स हा स्वतंत्र भारताने १९४९ मध्ये जाणीवपूर्वक केलेला प्रयोग होता. जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही पहिली अशी रेजिमेंट, जिथे भरतीसाठी जात, धर्म, प्रांत पाहिला जात नव्हता. जाट वेगळे, राजपूत वेगळे, डोगरा वेगळे अशी कंपन्यांची मांडणी तिथे नव्हती. एकाच तुकडीत, एकाच लंगरमध्ये सगळे. उराव आदिवासी पोराच्या डाव्या-उजव्या हाताला देशातला कुठलाही माणूस असू शकत होता. आपल्या लष्करातल्या जातवार रेजिमेंट असाव्यात की नसाव्यात, यावर आपल्यातही दोन मतं आहेत आणि ती वादाची आहेत. पण गंगासागरच्या रात्री शेजारच्या जवानांसाठी जो माणूस मशीनगनवर चालून गेला, तो अशा मिश्र पलटणीचा होता, एवढं त्या वादात लक्षात ठेवावं.

त्याच वर्षी, १९६८ मध्ये, त्यांचं लग्न झालं. पत्नी बलमदीना केरकेट्टा. पुढच्या वर्षी मुलगा झाला. पलटण ईशान्येकडे बंडखोरांविरुद्धच्या मोहिमांवर होती, त्यामुळे घरी येणं रजेपुरतं. शिपाई म्हणून वागणूक चोख, नेम पक्का, खेळात पुढे. १९७१ च्या तयारीच्या काळात त्यांना लान्स नाईक केलं गेलं. लष्करातली ती पहिली पायरी, दंडावर एक फीत.

१९७१ साली त्रिपुरात काय चाललं होतं ते डोळ्यापुढे आणल्याशिवाय ही लढाई कळत नाही. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली आणि पूर्व बंगालमधून माणसांचे लोंढे भारतात येऊ लागले. देशभर मिळून सुमारे एक कोटी. त्रिपुराची स्वतःची लोकसंख्या तेव्हा साडेपंधरा लाखांच्या आसपास, आणि तिथे जवळपास तेवढेच निर्वासित. शाळा, मंदिरं, बाजाराची शेड, सगळीकडे माणसं. राजधानी आगरतळा सीमेला इतकी चिकटलेली की पलीकडच्या आखौराहून डागलेले तोफगोळे शहरात पडायचे. आखौरा हे रेल्वेचं मोठं जंक्शन. तिथून ब्राह्मणबारिया आणि पुढे मेघना नदी ओलांडून ढाका, असा तो मार्ग. आखौरा घेतल्याशिवाय आगरतळा सुरक्षित नव्हतं आणि ढाक्याचा रस्ताही मोकळा नव्हता.

आखौऱ्याच्या दक्षिणेला, आगरतळ्यापासून अवघ्या सहा-साडेसहा किलोमीटरवर, गंगासागर नावाचं रेल्वे स्टेशन आहे. बंगालमध्ये मकरसंक्रांतीला यात्रा भरते ते गंगासागर वेगळं. हे बांगलादेशातलं, ब्राह्मणबारिया जिल्ह्यातलं. आखौऱ्याच्या दक्षिण बाजूचा हा पहारा होता आणि पाकिस्तानी फौजेने तो भक्कम केला होता. बंकरमागे बंकर, काटेरी तारा, सुरुंग. आजूबाजूला भातखाचरं आणि दलदल. रेल्वेचा भराव तेवढा उंच आणि कोरडा. म्हणजे पुढे जायचं तर रुळांच्या कडेनेच जायचं, आणि समोरच्याला हे माहीत होतंच.

हे ठाणं घेण्याची जबाबदारी १४ गार्ड्सवर आली. अल्बर्ट डाव्या बाजूच्या आघाडीच्या कंपनीत होते. हल्ला रात्रीच्या अंधारात सुरू झाला. गोळे पडत होते, छोट्या हत्यारांचा मारा चालू होता, त्यातून गार्ड्सचे जवान धावत ठाण्यावर आदळले आणि लढाई हातघाईवर आली. अशा लढाईत सेनापतीचा नकाशा फारसा उरत नाही. कोणता बंकर कोणाला रोखतोय हे त्या त्या शिपायाला दिसतं, आणि त्यालाच ठरवावं लागतं.

एका बंकरमधली लाइट मशीनगन कंपनीतल्या जवानांना टिपत होती. अल्बर्ट यांनी ती हेरली आणि कोणाची वाट न पाहता सरळ तिच्यावर धाव घेतली. संगिनीने दोन शत्रुसैनिक मारले, बंदूक गप्प झाली. या झटापटीत ते गंभीर जखमी झाले होते. मागे जाऊन मलमपट्टी करून घेतली असती तरी कोणी बोट दाखवलं नसतं. ते मागे गेले नाहीत. ठाण्याची खोली सुमारे मैलभर होती. तेवढं अंतर ते जखमी अंगाने सोबत्यांबरोबर बंकरमागून बंकर साफ करत पुढे सरकत राहिले. मैल हा शब्द वाचायला सोपा आहे. सकाळी फिरायला जाताना आपण तो पंधरा-वीस मिनिटांत चालतो. तेच अंतर रात्री, रक्त वाहत असताना, दर काही पावलांवर नवा बंकर समोर येत असताना किती लांब असेल, याचा अंदाज बसल्या जागी येणार नाही.

ठाण्याच्या उत्तर टोकाला एक मजबूत इमारत होती. तिच्या वरच्या मजल्यावरून मीडियम मशीनगन सुरू झाली. उंचावरून मारा, खाली उघड्यावर जवान. हल्ला तिथेच अडला आणि माणसं पडू लागली. अल्बर्ट पुन्हा निघाले, या वेळी सरपटत. जारीच्या रानात शिकलेलं सरपटणं त्या रात्री उपयोगी पडलं असेल का? मला तसं वाटतं, पण पुराव्याने सांगता येणार नाही. गोळ्यांच्या माऱ्याखालून ते इमारतीपाशी पोचले आणि आतल्या बंकरमध्ये हातबॉम्ब टाकला. एक शत्रुसैनिक ठार, एक जखमी. तरी मशीनगन थांबली नाही. मग ते बाजूच्या भिंतीवर चढले, आत शिरले आणि गोळ्या झाडणाऱ्याला संगिनीने संपवलं. मशीनगन बंद झाली. अडलेली कंपनी पुढे गेली, ठाणं हाती आलं. अल्बर्ट मात्र या शेवटच्या झटापटीत झालेल्या जखमांतून उठले नाहीत. ठाणं जिंकलं गेल्यावर त्यांनी प्राण सोडला. सरकारी नोंदीत तारीख ३ डिसेंबर १९७१. एकोणतिसावा वाढदिवस चोवीस दिवसांवर होता.

पुढचा घटनाक्रम वेगाने झाला. ५ डिसेंबरला आखौरा पडलं. तिथून फौज ब्राह्मणबारियाकडे आणि मग हेलिकॉप्टरांतून मेघनेच्या पलीकडे उतरली. १६ डिसेंबरला ढाक्यात ९३ हजार जणांची शरणागती झाली. दुसऱ्या दिवशी याच १४ गार्ड्सचे मेजर अशोक तारा एकटे आणि निःशस्त्र धानमंडीतल्या त्या घरासमोर जाऊन उभे राहिले, जिथे शेख मुजीब यांच्या कुटुंबाला पाकिस्तानी पहाऱ्यात ठेवलं होतं, आणि शेख हसीनांसह सगळ्यांना त्यांनी सुखरूप बाहेर काढलं. गंगासागरला मशीनगन थांबली नसती तर पलटणीतले आणखी किती जण ढाक्यापर्यंत पोचले नसते, कोण जाणे.

१९७१ च्या युद्धासाठी चार परमवीर चक्रं दिली गेली. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, मेजर होशियारसिंग आणि लान्स नाईक अल्बर्ट एक्का. पहिले तिघे अधिकारी आणि पश्चिम आघाडीवरचे. ज्या पूर्व आघाडीवर नवा देश जन्माला आला, तिथलं एकमेव परमवीर चक्र या आदिवासी लान्स नाईकाचं आहे. तेव्हाच्या बिहारमधूनही तेवढं एकच. हे पदक सावित्रीबाई खानोलकरांनी घडवलेलं. जन्माने युरोपीय, लग्नाने मराठी घरात आलेल्या या बाईंच्या रेखाटनातून ते उतरलं. राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हातून १९७२ च्या प्रजासत्ताक दिनी ते बलमदीनांनी स्वीकारलं. पदरात दोन-तीन वर्षांचं मूल होतं.

पदक जारीला आलं. अल्बर्ट आले नाहीत.

तेव्हा रणांगणावर पडलेल्या जवानाचा देह घरी पाठवण्याची पद्धत नव्हती. ती सर्रास सुरू झाली कारगिलपासून. अल्बर्ट यांना सोबत्यांसह आगरतळ्याजवळ, डुकली भागातल्या श्रीपल्ली गावी पुरण्यात आलं. जारीपासून तो मुलूख इतका लांब की डोंगराळ गावातल्या विधवेने एकटीने तिथे जाणं शक्यच नव्हतं. वर्षं जात राहिली. २००० साली टपाल तिकीट निघालं. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला, बिरसांच्या जयंतीला, झारखंड राज्य झालं. पुढे जारीला वेगळा तालुका, तिकडच्या भाषेत प्रखंड, मिळाला आणि त्याला अल्बर्ट एक्का यांचं नाव दिलं गेलं. पण मातीचं काय? उराव घरात मेलेला माणूस गावच्या मातीत यावा लागतो. धर्म बदलला तरी ही ओढ जात नाही. नवऱ्याच्या कबरीवरची मूठभर माती तरी गावात यावी, एवढं मागणं होतं.

ती माती जानेवारी २०१६ मध्ये आली. चव्वेचाळीस वर्षांनी. समारंभ झाला, मंत्री आले, भाषणं झाली. १९७२ साली पदक घेणाऱ्या तरुण बलमदीना तोवर म्हाताऱ्या झाल्या होत्या. मला राहून राहून एकच वाटतं. यासाठी पैसा लागत नव्हता, कायदा बदलायचा नव्हता, परदेशाची परवानगी नको होती. त्रिपुरा भारतातच आहे. एका फाइलीला हे सुचायला चार दशकं लागली. बलमदीना २०२१ मध्ये गेल्या. मूठभर का होईना, माती त्यांनी पाहिली.

२३ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने अंदमान-निकोबारमधल्या २१ मोठ्या निनावी बेटांना २१ परमवीरांची नावं दिली. त्यातलं एक एक्का द्वीप. बातमी सगळीकडे झळकली, आणि आनंद वाटावा अशीच ती होती. मात्र त्या बातमीत एक गोष्ट कुठेच आली नाही.

अंदमानात उराव माणसं आजची नाहीत. १९१८ पासून इंग्रजांनी छोटा नागपूरचे उराव, मुंडा, खडिया मजूर जंगलतोडीसाठी तिकडे नेले. लाकूड त्यांनी तोडलं, रस्ते त्यांनी केले, बंदरावरचं ओझं त्यांनी वाहिलं. रांचीवाले, असंच त्यांना तिथे म्हणतात. अल्बर्ट यांच्यापुढे जी मजुरीची वाट होती, तिचाच हा एक फाटा. याच माणसांना त्रिपुरात अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, झारखंडमध्ये आहे. आसामच्या चहामळ्यातल्यांना नाही, आणि अंदमानच्या रांचीवाल्यांनाही नाही. ते अनेक वर्षं अर्ज करतात, मोर्चे काढतात, दिल्लीला निवेदनं पाठवतात. उरावांत एक्का हे गोत्र गावोगाव सापडतं. बेटांच्या नकाशावर आता एक्का हे नाव आहे. त्याच बेटांवरच्या अनुसूचित जमातींच्या यादीत उराव हे नाव अजून नाही.